जेजुरीच्या सोमवतीनंतर सेन्सरवर ६३ डाग. फोटोत नक्की किती दिसतील?

कऱ्हाकाठ (सासवड)

नमस्कार मंडळी. परवाच्या सोमवतीला जेजुरीला होतो. पालखी गड उतरून कऱ्हेकडे निघाली तेव्हा पायऱ्यांवर भंडाऱ्याचा असा लोट उठला होता की चार हातांवरचा माणूस दिसेना. कॅमेऱ्यावर पावसाळी कव्हर होतं. पण गर्दी एकदम अंगावर आली आणि २४-७० काढून रुंद लेन्स लावण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. एका दीपमाळेच्या आडोशाला गेलो, खांद्यावरचं उपरणं कॅमेऱ्यावर धरलं आणि लेन्स बदलली. पाच-सात सेकंद लागले असतील, जास्त नाही.

रात्री घरी येऊन पांढऱ्या भिंतीचा एफ/२२ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून, फोटो काढला आणि लाइटरूम या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये डाग ठळक करून दाखवणारं ‘व्हिज्युअलाइझ स्पॉट्स’ चालू केलं. काळ्या पडद्यावर चांदण्याच चांदण्या. बसून मोजले, ६३ डाग निघाले. म्हणजे लेन्स बदलताना धूळ आत, फोटो टिपणाऱ्या सेन्सरवर गेली. झोप लागली नाही. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, फुल फ्रेम, मिररलेस. घेऊन दोन वर्षंही झालेली नाहीत.

पुढची कामं अशी आहेत. शुक्रवारी मावसबहिणीचं लग्न आहे, हॉलमधलं, म्हणजे मी एफ/२.८ ते एफ/४ च्या आत-बाहेर असणार. रविवारी पहाटे भिगवणला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला जायचं ठरलंय, तिथे १५०-६०० लेन्स एफ/६.३ ला. आणि गावातल्या शाळेच्या सभागृहासाठी याच सोमवतीचे तीन प्रिंट द्यायचे कबूल केलेत, २० × ३० इंच. दुकानात विचारलं तर सफाईला बॉडी चार दिवस ठेवावी लागेल म्हणाले. म्हणजे लग्नाआधी मिळत नाही.

माझा प्रश्न ‘साफ कसा करू’ हा नाही, तो नंतरचा. मला हे कळायला हवंय की या ६३ डागांपैकी कुठल्या कामात किती उठून दिसतील, आणि ते फोटो काढण्याआधीच कसं ओळखायचं? कुणी म्हणतं काही दिसत नाही, कुणी म्हणतं कॅमेऱ्याला हातही लावू नको. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल?

---

गच्चीतून_आकाश (ठाणे)

दादा, एफ/२.८ ला लग्नात काही दिसणार नाही, निर्धास्त राहा. पण एक सांगून ठेवतो. त्या आठवड्यात टाइमलॅप्स (ठरावीक वेळाने काढलेले फोटो जोडून केलेला व्हिडिओ) करू नका आणि पॅनोरमाही नको. एका सुट्या फोटोत जो डाग माझ्या नजरेतून सुटतो, तो टाइमलॅप्समध्ये सुटत नाही, कारण मागचे ढग सरकत राहतात आणि डाग जागचा हलत नाही. हलणाऱ्यात न हलणारं डोळा लगेच पकडतो. पॅनोरमात त्याच्या उलट होतं. सात फ्रेम जोडल्या की तोच ठिपका आभाळात सात वेळा, सारख्या अंतरावर, रांगेत बसलेला दिसतो. मी गच्चीवरून येऊरच्या डोंगरावरचे ढग टिपतो. सुट्या फोटोंचं आणि या दोन प्रकारांचं गणित मी वेगळं धरतो.

---

चांदीचा उजेड (कोल्हापूर)

दादा, दोन्ही कसं खरं असेल हा प्रश्न तुम्ही नेमका विचारलात. दोन्ही खरंच आहे. थोडं सविस्तर लिहिते, कारण यातच माझी बारा वर्षं गेली आहेत.

मी हुपरीच्या कारागिरांच्या दागिन्यांचे फोटो काढते. पैंजण, जोडवी, कमरपट्टे, बाळाचे वाळे. चांदी आणि मागे फिकट राखाडी कागद, बहुतेक वेळा एफ/१६. सेन्सरवरची धूळ दिसायला याहून सोयीची जागा नाही. सुरुवातीच्या काळात एक कॅटलॉग केला होता, १४० फोटो. प्रत्येक फोटो मी लॅपटॉपवर बघितला, मालकांनीही बघितला, छापून आला. पुस्तिका हातात घेऊन अंगठ्याने पानं फर्रकन सोडली तेव्हा दिसलं, उजवीकडे वर एक फिकट गोल ठिपका प्रत्येक पानावर त्याच जागी उभा होता. पानं पळत होती आणि तो जागचा हलत नव्हता. ठाण्याचे दादा म्हणतात तेच झालं. त्या दिवसापासून मी डाग मोजणं सोडलं आणि डाग किती काळा आहे हे बघायला लागले.

आता मूळ गोष्ट. धूळ सेन्सरच्या पिक्सेलवर बसत नाही. पिक्सेलच्या पुढे फिल्टरची काच असते, धूळ त्या काचेच्या बाहेरच्या अंगाला बसते. म्हणजे कण आणि पिक्सेल यांच्यात मिलिमीटर-दीड मिलिमीटरचं अंतर राहतं. फोटोत दिसते ती धूळ नाही, धुळीची सावली.

डोळ्यांसमोर असं आणा. जुन्या घरात जमिनीवर पडून वर बघताय आणि छताला गोल झरोका आहे. तुम्ही म्हणजे पिक्सेल, झरोका म्हणजे लेन्सचं ॲपर्चर. तुमच्या आणि झरोक्याच्या मध्ये, तुमच्या अगदी जवळ, एक माशी घिरट्या घालतेय. झरोका मोठा असेल तर माशी त्याचा चिमूटभर भाग झाकते, तुमच्यावर पडणारा उजेड कमी झालेला कळतही नाही. झरोका लहान केला की तीच माशी त्याचा अर्धा भाग झाकते. माशी तीच आहे, तेवढीच आहे. एफ/२.८ म्हणजे मोठा झरोका, एफ/२२ म्हणजे लहान.

आकड्यांत सांगायचं तर काचेचं ते अंतर भागिले एफचा आकडा, एवढ्या व्यासाचा तो झरोका कणाच्या पातळीवर दिसतो. दीड मिलिमीटर धरलं तर एफ/२.८ ला सुमारे ५३६ मायक्रॉन, एफ/८ ला १८७, एफ/१६ ला ९४, एफ/२२ ला ६८. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) आता ५० मायक्रॉनचा बऱ्यापैकी मोठा कण घ्या. त्याच्या व्यासाला झरोक्याच्या व्यासाने भागा आणि वर्ग करा, की सावलीच्या मध्यभागी किती टक्के उजेड गेला ते मिळतं. एफ/२२ ला ५४ टक्के, एफ/१६ ला २८, एफ/११ ला साडेतेरा, एफ/८ ला ७, एफ/५.६ ला साडेतीन, एफ/४ ला पावणेदोन, एफ/२.८ ला एक टक्काही नाही. ॲपर्चर एक स्टॉप, म्हणजे उजेड दुप्पट येईल इतकं, उघडलं की काळोखी निम्मी होते, हे एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

माझ्या राखाडी कागदावर मऊ कडेचा डाग २ टक्क्यांच्या खाली गेला की मला तो दिसत नाही, दाखवला तरी शोधावा लागतो. ५ टक्क्यांपासून रिकाम्या आभाळात सावकाश बघणाऱ्याला जाणवतो. १० च्या पुढे कुणालाही दिसतो. हे माझ्या डोळ्यांचे आकडे आहेत, तुमचे थोडे इकडेतिकडे असतील.

तुमच्या ६३ मधले बहुतेक कण लहान असणार. समजा २० मायक्रॉनचा आहे. एफ/२२ च्या चाचणीत तो साडेआठ टक्के काळा आहे आणि वर तुम्ही ते सॉफ्टवेअर लावलंय, जे पाच टक्क्यालाही पन्नास करून दाखवतं. म्हणून तो चांदणीसारखा चमकला. तोच कण एफ/११ ला २ टक्के, एफ/८ ला एक टक्का. म्हणजे तुमच्या नेहमीच्या कामात तो नाहीच. एफ/२२ ची चाचणी धूळ कुठे आहे हे शोधायला उत्तम, पण ती दिसेल का याचं उत्तर त्या चाचणीत नाही. मुळात एफ/२२ ला तुम्ही खरा फोटो किती वेळा काढता? तिथे विवर्तनानेच, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्यामुळे, तपशील मऊ पडतात. जो फोटो काढणारच नाही त्यातल्या डागांसाठी झोप घालवू नका.

आणखी तीन गोष्टी.

डाग कशावर पडतो. ५ टक्क्यांचा डाग झाडीत, गर्दीत, जरीच्या साडीत, काळ्या कातळात कायमचा हरवतो. आभाळ, संथ पाणी, धुकं, पांढरी भिंत आणि लांब लेन्सने विरघळवलेली पार्श्वभूमी यांवर तो दिसतो. आभाळाचं दुर्दैव असं की सेन्सरवर चित्र उलटं पडतं. फोटोतला वरचा भाग सेन्सरच्या खालच्या भागात असतो आणि कॅमेऱ्यातली धूळ खालीच उतरत जाते. म्हणजे नेमकी आभाळात.

फोटोवर नंतर काय करता. कॉन्ट्रास्ट, क्लॅरिटी, डीहेझ (धुरकटपणा काढणारं) हे सगळे डाग वाढवणारे आहेत. डीहेझ जोरात ओढलं की ३ टक्क्यांचा झोपलेला डाग उठून बसतो. कृष्णधवल करताना निळं आभाळ गडद केलं तरी तेच.

आणि अगदी जवळून फोटो काढणाऱ्यांसाठी, वस्तू जितक्यास तितकी सेन्सरवर घेतली की कॅमेऱ्यावर एफ/८ दिसत असलं तरी उजेड एफ/१६ सारखा येतो. धूळही एफ/१६ ची दिसते. जोडव्यावरची नक्षी काढताना हे मला नीट भोगावं लागलं.

आता तुमचं काम. भिंतीचे दोन फोटो काढा, एक एफ/२२ ला, एक एफ/११ ला. लेन्स तीच, झूम तोच, फोकस तोच. लेन्स बदलली तर कडेचे डाग थोडे सरकतात. फोकस मुद्दाम बिघडवून ठेवा आणि उजेड पडत असताना कॅमेरा हळूच फिरवा. भिंतीवरचं सगळं पुसलं जाईल, धूळ तेवढी राहील. थोडं जास्त एक्सपोज करा, पण पांढरं फुटू देऊ नका. मग सगळ्यात मोठा डाग घेऊन दोन्ही फोटोंत त्याची रुंदी पिक्सेलमध्ये मोजा. गोल नसलेला, लांबट किंवा दोऱ्यासारखा काही दिसला तर तोही वेगळा मोजा. हा दुसरा मुद्दा विसरू नका. आकडे टाका, मग सांगते.

आणि एक विचारायचं राहिलं. प्रिंटसाठी निवडलेले फोटो लेन्स बदलण्याआधीचे आहेत की नंतरचे?

---

पाणथळ (दौंड)

रविवारी भिगवणला येताय म्हणून लिहितोय. मी कुंभारगावच्या बाजूने नेहमी होडीत असतो. सकाळी आठपर्यंत उजनीचं पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं असतं, मध्ये क्षितिजाची रेघही सापडत नाही. ६०० ला एफ/६.३ म्हणजे मागचं सगळं लोणी झालेलं. डाग दिसणार असेल तर तो इथे दिसतो. पण फोटो वाया जाईल इतका नाही, मऊ असतो.

यात माझ्या हातून एक चूक झाली होती, ती टाळा. आभाळातले बारीक ठिपके धूळ समजून मी घाईने पुसत गेलो. रोहितांच्या थव्यामागे लांबवर कुरव उडत होते, त्यातले चार मी पुसून टाकले. थव्याची नोंद त्याच फोटोवरून करायची होती. नंतर मूळ फाइल उघडली तेव्हा कळलं. आता मी लागोपाठच्या दोन फ्रेम वर-खाली ठेवून बघतो. ठिपका जागचा हलला तर पक्षी, नाही हलला तर धूळ. पुसण्याआधी एवढं केल्याशिवाय हात लावत नाही.

दुसरं, ताई म्हणतात तसं दर वेळी भिंत शोधायची गरज नाही. होडीत बसल्यावर पहिला फोटो मी मोकळ्या आभाळाचा काढतो, त्या दिवशी वापरणार असेन त्याच ॲपर्चरला. त्या फोटोत जे दिसतं तेवढंच दिवसभर दिसणार. मागच्या पडद्यावर मोठा करून बघितला की कुठला कोपरा रिकामा ठेवायचा नाही ते लक्षात राहतं.

---

कऱ्हाकाठ (सासवड)

ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा वही घेऊन. सांगितलं तसं केलं.

सगळ्यात मोठा गोल डाग फोटोत वर डाव्या कोपऱ्याकडे आहे. एफ/२२ ला २० पिक्सेल रुंद आणि चांगलाच काळा. एफ/११ ला ३१ पिक्सेल, पण फिकट. मला वाटलं होतं ॲपर्चर उघडलं की डाग लहान होईल. तो मोठा झाला!

त्याच्यासारखे अजून दोन आहेत. बाकीचे एफ/११ च्या फोटोत साध्या डोळ्यांनी मला सापडलेच नाहीत. सॉफ्टवेअर बंद ठेवून एकूण ७ दिसले. ६३ चे ७.

तुम्ही लांबट वस्तू बघायला सांगितली नसती तर मी तिला डागांत धरलंच नसतं. साधारण मध्यावर, किंचित उजवीकडे एक वाकडी रेघ आहे. एफ/२२ ला सुमारे २०० पिक्सेल लांब आणि १४ रुंद. केसापेक्षा बारीक वाटते. एफ/११ लाही ती स्पष्ट आहे, आणि खरं सांगायचं तर गोल डागांपेक्षा तीच जास्त खुपते.

निवडलेल्या फोटोंतला एक लेन्स बदलण्याआधीचा आहे, दोन नंतरचे. नंतरचे दोन्ही एफ/८ ला. एकात वर निळं आभाळ आहे, दुसरा पूर्ण भंडाऱ्याने भरलेला.

पाणथळ दादा, पहिल्या फोटोची युक्ती घेतली.

---

चांदीचा उजेड (कोल्हापूर)

छान मोजलंत. आता बघा.

डाग मोठा होतो कारण त्याची रुंदी म्हणजे कणाचा व्यास अधिक झरोक्याचा व्यास. उघडलं की झरोका मोठा होतो, सावली पसरते आणि पसरताना पातळ होते. तुमच्या कॅमेऱ्यात ३६ मिलिमीटरवर ६००० पिक्सेल आहेत, म्हणजे एक पिक्सेल ६ मायक्रॉनचा. ३१ वजा २० म्हणजे ११ पिक्सेल, म्हणजे ६६ मायक्रॉनचा फरक. एफ/११ आणि एफ/२२ च्या झरोक्यांतला फरक हा अंतर भागिले २२ असतो. ६६ गुणिले २२, जवळजवळ दीड मिलिमीटर. म्हणजे मी वर धरलेलं अंतर तुमच्या कॅमेऱ्यालाही लागू आहे. आणि कण? २० पिक्सेल म्हणजे १२० मायक्रॉन, त्यातून ६८ वजा केले की उरतात साधारण ५०. वरचे सगळे टक्के तुम्हाला जसेच्या तसे वापरता येतील.

लग्नाला, एफ/२.८ ते एफ/४, तुमचा सगळ्यात मोठा कण एक ते पावणेदोन टक्के. नाहीच म्हणा. भिगवणला एफ/६.३ ला तोच ४ टक्क्यांच्या थोडा वर, सुमारे ४८ पिक्सेल रुंद मऊ गोळा. निव्वळ आभाळात दिसेल, लव्हाळ्यावर नाही. एका क्लिकमध्ये जातो. प्रिंटला एफ/८, ७ टक्के. ३० इंचांचा प्रिंट म्हणजे सेन्सरच्या एकवीसपट, त्यामुळे तो ठिपका कागदावर ५ मिलिमीटर रुंद येईल. निळ्या आभाळाच्या फोटोत तो काढायलाच हवा. भंडाऱ्याने भरलेल्या फोटोत तो कुणालाही सापडणार नाही. जो फोटो लेन्स बदलण्याआधीचा आहे त्यात लेन्स बदलताना आत गेलेलं काहीच नसणार. तो निर्धास्त छापा.

आता ती रेघ. माझ्या मते तुमची खरी अडचण हे ६३ डाग नाहीत, ती एक रेघ आहे.

रुंदी १४ पिक्सेल, म्हणजे ८४ मायक्रॉन. त्यातून ६८ गेले, उरले १५-१६. पंधरा मायक्रॉन जाडीचा आणि मिलिमीटरभर लांबीचा तंतू. तुम्ही उपरणं धरलं होतं ना कॅमेऱ्यावर? सुताचा तंतू त्याच्यातलाच असावा. धुळीपासून वाचवायला कापड धरलं, आणि कापडानेच दिला.

तंतूचा हिशेब वेगळा का? झरोक्यासमोर माशी असेल तर झरोक्याचा व्यास दुप्पट केल्यावर ती आधीच्या मानाने चौथा हिस्साच झाकते. पण झरोक्यावर आडवी दोरी ताणली असेल, तर झरोका दुप्पट केला तरी दोरीही या कडेपासून त्या कडेपर्यंत पुरते. झाकलेला भाग चौपट कमी होत नाही, निम्माच होतो. त्यामुळे उघड्या ॲपर्चरला गोल कण पळून जातो आणि तंतू टिकून राहतो. तुमच्या तंतूची काळोखी एफ/८ ला १० टक्के, एफ/६.३ ला ८, आणि एफ/२.८ लाही साडेतीन टक्क्यांच्या आसपास. १५ मायक्रॉनचा गोल कण एफ/२.८ ला ०.१ टक्कासुद्धा नसता! आणि हा आहे फ्रेमच्या मध्यावर, म्हणजे माणसांच्या चेहऱ्याशी. लग्नाच्या हॉलमधला मागचा पांढरा पडदा, नवऱ्यामुलाची फिकट शेरवानी, अशा ठिकाणी एक धुरकट पट्टा येऊ शकतो. तो पुसायला चेहऱ्यावर हात घालावा लागतो, आणि ते मला कधीच आवडलं नाही. आभाळ पुसणं वेगळं, माणसाची कातडी पुसणं वेगळं.

बरं हे की तंतू फुंकणीने जातो. तो काचेला एक-दोन ठिकाणीच टेकलेला असतो. काही गोल कण चिकटून बसतात, तंतू उडतो.

करताना एवढं पाळा. बॅटरी पूर्ण भरलेली हवी. कॅमेऱ्याच्या मेनूतलं सेन्सर सफाईचं चालू करा आणि शटर उघडं असल्याची खात्री करा. काही मिररलेस कॅमेरे बंद केल्यावर शटर मिटून घेतात. त्या पातळ पात्यांवर जोराची हवा मारायची नाही. कॅमेऱ्याचं तोंड खाली धरा, रबरी फुंकणीचं टोक आत न नेता आठ-दहा दाब द्या. तोंडाने फुंकर अजिबात नको, थुंकीचे बारीक थेंब उडतात. डब्यातली दाबाची हवाही नको. आणि हे सगळं करण्याआधी लेन्सचं मागचं टोपण आणि बॅग झटकून, पुसून घ्या. तुमच्या बॅगेत अजून अर्धी जेजुरी असणार. टोपणात भंडारा राहिला तर उद्या तो पुन्हा आत जाईल.

तंतू कुठे शोधायचा? माउंट (लेन्स बसते ते तोंड) तुमच्याकडे करून कॅमेरा सरळ धरलात तर फोटोतलं डावं-उजवं तसंच राहतं, वर-खाली उलटं होतं. वर डाव्या कोपऱ्यातला डाग तुम्हाला खाली डावीकडे दिसेल. टॉर्च तिरकी धरली की तंतू चमकतो.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. लगेच ओल्या स्वॅबने (सेन्सर पुसायच्या काडीने) पुसायला जाऊ नका. तो भंडारा आहे, म्हणजे हळद. हळदीचा पिवळा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, पण अल्कोहोलमध्ये लगेच विरघळतो. हळदीच्या बोटाला सॅनिटायझर लावून बघा, सगळा हात पिवळा होतो. सेन्सरच्या बहुतेक द्रवांत अल्कोहोल असतं. कोरडे कण सुटे आहेत तोवर ते ठिपके आहेत, अल्कोहोल लागलं की पिवळा पातळ थर होईल. तो ठिपक्यासारखा दिसत नाही, सगळ्या फोटोचा रंग बिघडवतो आणि कळतही नाही. आधी कोरडं जितकं निघेल तितकं काढा. ओली सफाई लग्नानंतर दुकानातच करून घ्या आणि त्यांना ‘हळद आहे’ असं स्पष्ट सांगा, म्हणजे ते दर फेरीला नवा स्वॅब घेतील.

---

गच्चीतून_आकाश (ठाणे)

ताई, तंतूचं हे मला माहीत नव्हतं. माझ्या एका जुन्या टाइमलॅप्समध्ये एफ/४ लाही एक पट्टा राहिला होता, मी तो लेन्समधला दोष समजत होतो. लेन्सच्या काचेवरचा कण असा ठिपका उमटवत नाही हे कळत होतं, म्हणून कोडं सुटत नव्हतं. आज जुनी फाइल काढून मोजतो.

---

कऱ्हाकाठ (सासवड)

सोमवारी रात्री लिहितोय, सगळं उरकून.

ताई, गुरुवारी संध्याकाळी फुंकणी मारली. न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफ बसू दिली, म्हणजे हवेतली धूळ खाली बसते असं वडील म्हणाले. वाफ पूर्ण विरल्यावर, भिंती कोरड्या झाल्यावर तिथेच कॅमेरा उघडला. टॉर्चच्या उजेडात तंतू दिसला, तुम्ही म्हणालात तसा चमकला. चौथ्या दाबाला गेला. पुन्हा एफ/२२ ला फोटो काढला तर ६३ चे १९ झाले होते. डाव्या कोपऱ्यातला मोठा मात्र जागचा हलला नाही. बॅग अंगणात झटकली तेव्हा खाली फरशीवर पिवळी रांगोळी झाली.

लग्नाचे साडेसहाशे फोटो बघून झाले, एकातही काही सापडलं नाही. मागे पांढराच पडदा होता. तो तंतू राहिला असता तर काय झालं असतं ते आता कळतंय.

भिगवणला पाणथळ दादांसारखा पहिला फोटो मोकळ्या आभाळाचा काढला, एफ/६.३ ला. वर डावीकडे एक मऊ गोळा, बाकी काही नाही. मोजला, ४७ पिक्सेल. ताईंनी ४८ सांगितले होते! दिवसभर तो कोपरा जमेल तसा लव्हाळ्यात ठेवला. जिथे आभाळच होतं तिथे दोन फ्रेम जुळवून बघितल्या आणि मगच पुसलं. कुरव सगळे शाबूत आहेत.

प्रिंटच्या निळ्या आभाळातून तीन गोल डाग आणि तो एक पट्टा काढला. पट्ट्याला वेळ लागला, तो दीपमाळेच्या कडेवरून गेला होता. दुसऱ्या फोटोत, भंडाऱ्याच्या ढगात, मोठा डाग कुठे असायला हवा ते पिक्सेल मोजून शोधलं आणि तरी दिसला नाही. तो तसाच राहू दिलाय. फाइली उद्या लॅबला जातील, कॅमेरा बुधवारी दुकानात. पावतीवर ‘हळद’ लिहून घेणार आहे.